घरच्या फाईल सर्व्हरपर्यंत बाहेरून पोहोचण्याचा भरवशाचा मार्ग कोणता?

मूळ धागा

नमस्कार. घरातल्या एका जुन्या डेस्कटॉप संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवून मी फाईल सर्व्हर तयार केला आहे. त्यात मिरर पद्धतीने (दोन्हींवर तोच मजकूर राहील अशा) जोडलेल्या दोन डिस्क आहेत आणि सांबा या फाईल वाटणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने घरातले सर्व लॅपटॉप व फोन त्यावरची फोल्डर वापरतात. कुटुंबाची छायाचित्रे, स्कॅन केलेली कागदपत्रे आणि माझ्या कामाच्या फाईली असा सगळा साठा आता एकाच ठिकाणी आहे. घराच्या वायफायवर असेपर्यंत सर्व उत्तम चालते. मात्र घराबाहेर पडल्यावर हाच साठा हाताशी असावा, अशी गरज आता वारंवार भासू लागली आहे.

त्यासाठी राउटरमध्ये ४४५ क्रमांकाचे पोर्ट (सांबाच्या जोडण्या स्वीकारणारे क्रमांकित दार) सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवणारा नियम लिहून पाहिला. नियम जतन होतो, सर्व्हरचा स्थानिक पत्ताही राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला आहे, तरीही मोबाइल डेटावरून तपासल्यास ते पोर्ट बंदच दिसते. राउटरच्या माहितीपानावर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो आणि आपला पत्ता दाखवणारी संकेतस्थळे मात्र निराळाच पत्ता सांगतात. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे जोडले का जात नाही, आणि जोडले जावे यासाठी जो मार्ग निवडायचा तो सुरक्षित आहे हे कसे ओळखायचे? घरातील इतर मंडळींनाही तो मार्ग वापरता यावा, एवढी जास्तीची अपेक्षा आहे.

प्रतिसाद : तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही

तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पत्त्यांचा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. तेव्हापासून अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात आणि या व्यवस्थेला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात (नॅट म्हणजे वाटेत पत्ते बदलून देणारी यंत्रणा). मोठ्या वसाहतीला फाटकावर एकच टपालपेटी असावी आणि पाकिटावर घर क्रमांकच लिहिता येऊ नये, तशी बाहेरून येणाऱ्या जोडणीची स्थिती होते. तुमच्या राउटरमधला नियम अगदी बरोबर असला, तरी ती जोडणी तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. कंपनीच्या यंत्रणेला ती कोणत्या ग्राहकाकडे पाठवायची हे ठाऊक नसल्यामुळे ती तिथेच टाकून दिली जाते.

हाच धागा शोधत येणाऱ्या इतरांसाठी एक पुरवणी. राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच एकामागे एक असे दोन राउटर लागलेले असतात, म्हणजे कंपनीने दिलेल्या उपकरणाच्या मागे तुमचा स्वतःचा राउटर. तिथे पहिले उपकरण ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे देण्याच्या अवस्थेत) टाकले की प्रश्न मिटतो. पत्ता १० ने सुरू होत असेल तर दोन्ही शक्यता उरतात आणि कंपनीला विचारणेच योग्य.

तुमच्यापुढे आता तीन वाटा आहेत. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागता येईल. तो कायमस्वरूपी असण्याची गरज नाही, कारण बदलत्या पत्त्याला डायनॅमिक डीएनएसने नाव जोडता येते. दुसरी वाट आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीची. तिसरी वाट अशी की जोडणी घरातूनच बाहेर सुरू करायची आणि बाहेरच्या एखाद्या ठिकाणी दोन्ही टोकांची गाठ घालून द्यायची.

प्रतिसाद : ४४५ क्रमांकाचे पोर्ट कधीही उघडू नका

वरील तांत्रिक उत्तर पूर्णपणे पटते, परंतु त्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. उद्या तुम्हाला सार्वजनिक पत्ता मिळाला तरी तो ४४५ चा नियम राउटरमधून पुसून टाका, आणि तो आजच पुसलात तर अधिक बरे.

सांबा ४४५ या पोर्टवर ज्या भाषेत बोलते तो एसएमबी हा प्रोटोकॉल (यंत्रांच्या संवादाची नियमावली) एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या स्थानिक जाळ्यातील यंत्रांसाठी घडवलेला आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा जगभर पसरला, तो याच प्रोटोकॉलच्या जुन्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरचा उपाय मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य यंत्रांवर तो बसवलेला नव्हता. आपल्याकडे लिनक्स आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण त्याच मे महिन्यात सांबामध्येही एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. जिथे लिहिण्याची परवानगी आहे अशा फोल्डरमध्ये विशिष्ट फाईल टाकून थेट सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येईल अशी ती होती, आणि ३.५.० पासूनच्या सर्व आवृत्त्यांना ती लागू होती. ती दुरुस्त झाली हे खरे, तथापि पुढची त्रुटी जाहीर होईल त्या दिवशी तुमचा सर्व्हर उघड्यावर असता कामा नये.

पोर्टचा क्रमांक बदलून कोणाला काय कळणार, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केले तेव्हाच एका साध्या संगणकावरून, गिगाबिट जोडणीवर, आयपीव्ही४ च्या संपूर्ण जगातील एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासून होत होते. शोडानसारखी शोधयंत्रे अशा उघड्या सेवांची सूची कायम अद्ययावत ठेवतात. विकतच्या तयार फाईल सर्व्हरनाही याची झळ बसली आहे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर थेट उघडी असलेली क्यूनॅपची उपकरणे लक्ष्य केली आणि लोकांच्या फाईली कुलूपबंद केल्या.

जुना एफटीपी तर विचारातही घेऊ नका, कारण त्यात पासवर्ड उघड मजकुराच्या रूपात जातो. राउटरमधील यूपीएनपी ही सोयही बंद करा. तिच्यामुळे घरातील कोणतेही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकते.

प्रतिसाद : सर्व्हर बाहेर नेण्यापेक्षा आपण आत यावे

या विषयात सर्वांत महत्त्वाचा निर्णय साधन निवडण्याचा नसून दिशेचा आहे, असे माझे मत आहे. फाईल सर्व्हर इंटरनेटवर मांडायचा आणि मग त्याच्याभोवती पहारे वाढवत न्यायचे, ही एक दिशा. सर्व्हर आहे तिथेच राहू द्यायचा आणि बाहेर असलेल्या आपल्या ओळखीच्या यंत्रांना घरच्या जाळ्यात सुरक्षित प्रवेश द्यायचा, ही दुसरी. दुसऱ्या दिशेत इंटरनेटला सामोरी जाणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे व्हीपीएन, आणि एकाच गोष्टीची काळजी घेणे माणसाला जमते.

त्यासाठी वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमची शिफारस करतो. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.६ पासून ते कर्नलचाच भाग आहे, त्यामुळे डेबियनच्या सध्याच्या आवृत्त्यांवर केवळ त्याची साधने बसवावी लागतात. त्यात वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड असा प्रकारच नाही. प्रत्येक यंत्राची एक खाजगी की आणि एक सार्वजनिक की (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) असते. खाजगी की त्या यंत्राबाहेर जात नाही, आणि सर्व्हरवर ज्याची सार्वजनिक की नोंदलेली नाही त्याच्या पॅकेटला (जाळ्यावरून येणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) वायरगार्ड उत्तरच देत नाही. पोर्ट तपासत फिरणाऱ्याला तिथे काही चालू आहे याचा पत्ताही लागत नाही, हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

मांडणी थोडक्यात अशी. टनेलसाठी, म्हणजे या सुरक्षित जोडणीसाठी, १०.८८.०.०/२४ सारखा वेगळा पट्टा घ्या, सर्व्हरला १०.८८.०.१, फोनला १०.८८.०.२, लॅपटॉपला १०.८८.०.३ असे पत्ते द्या. फोन आणि लॅपटॉप यांच्या की वेगळ्याच असू द्या. एकच की दोन यंत्रांवर वापरली तर दोन्ही एकाच वेळी नीट चालत नाहीत, शिवाय एखादे यंत्र हरवल्यास त्याचाच प्रवेश तेवढा रद्द करता येत नाही. फोनच्या बाजूला 'अलाउड आयपीज' या ओळीत केवळ १०.८८.०.१/३२ लिहा, म्हणजे सर्व्हरकडे जाणारी वाहतूकच टनेलमधून जाईल आणि फोनचे बाकीचे इंटरनेट नेहमीच्या मार्गाने चालू राहील. नेहमीचे यूडीपी पोर्ट ५१८२० आहे.

घरच्या राउटरचा पट्टा १९२.१६८.१.०/२४ असेल तर तो याच संधीला बदलून घ्या, असेही सुचवतो. हा पट्टा इतक्या ठिकाणी वापरात आहे की ज्या वायफायवर तुम्ही बसला आहात तिथेही तोच सापडतो, आणि मग पुढे कधी घरचा पट्टाही त्या 'अलाउड आयपीज' ओळीत जोडला, तर घरातील इतर उपकरणांसाठीची पॅकेट टनेलमध्ये जाण्याऐवजी त्या स्थानिक जाळ्यातच भरकटतात. १९२.१६८.१७३.०/२४ असा सहसा न आढळणारा पट्टा निवडला की हा त्रास टळतो.

धागाकर्ता

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. ४४५ चा नियम काढून टाकला आहे आणि यूपीएनपीही बंद केले आहे. कंपनीकडे विचारणा केली असता घरगुती जोडणीवर सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळणार नाही, असे कळले. तेव्हा वायरगार्ड घरी बसवले तरी बाहेरून त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे, हा प्रश्न शिल्लक राहतो. आयपीव्ही६ मात्र सुरू आहे असे राउटरवर दिसते.

प्रतिसाद : आयपीव्ही६ बद्दल

आयपीव्ही६ सुरू असेल तर निम्मे काम झालेच म्हणा. त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे सर्व्हरला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि नॅटची भानगड राहत नाही. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरून येणाऱ्या जोडण्या बहुधा अडवते. तिथे फक्त सर्व्हरसाठी, फक्त यूडीपी ५१८२० ला वाट द्या. ती फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सोपा पर्याय काही राउटर देतात. तो निवडू नये, कारण मग घरातील प्रिंटरपासून कॅमेऱ्यापर्यंत सर्व उपकरणे एकदम उघडी पडतात. कंपनी पत्त्याचा सुरुवातीचा भाग अधूनमधून बदलू शकते, म्हणून डायनॅमिक डीएनएसमध्ये चार ए असलेली (एएएए, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद सर्व्हरनेच अद्ययावत करत राहावी.

मर्यादा एकच, परंतु ती मोठी आहे. तुम्ही बाहेर ज्या वायफायवर असाल तिथेही आयपीव्ही६ असावे लागते, आणि कितीतरी कार्यालयांत व सार्वजनिक वायफायवर ते नसते. म्हणून केवळ याच मार्गावर विसंबू नका.

प्रतिसाद : मध्यस्थाचे दोन प्रकार

मध्यस्थ वापरायचा झाल्यास दोन रीती आहेत आणि त्यांतील विश्वासाचा भाग नेमका समजून घ्यायला हवा.

पहिल्या रीतीत सार्वजनिक पत्ता असलेला एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घ्यायचा. घरचा सर्व्हर आणि फोन दोघेही त्याच्याशी वायरगार्डने जोडले जातात आणि तो पॅकेट इकडून तिकडे पोहोचवतो. घराच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंदांवर ठेवा, अन्यथा काही काळ वाहतूक झाली नाही की मधल्या नॅटमधील नोंद पुसली जाते आणि बाहेरून सर्व्हर सापडेनासा होतो. इथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की टनेल दोन आहेत, एक घर ते व्हीपीएस आणि दुसरा व्हीपीएस ते फोन. मधल्या यंत्रावर पॅकेट उलगडून पुन्हा गुंडाळले जाते, म्हणजे त्या यंत्रावर ताबा असलेल्याला आतील मजकूर दिसू शकतो. म्हणून टनेलच्या आत एसएफटीपी (फाईली सुरक्षितपणे पाठवण्याची पद्धत) वापरा किंवा सांबामध्ये एसएमबी ३ चे एन्क्रिप्शन (मजकूर सांकेतिक करणे) सक्तीचे करा.

दुसरी रीत टेलस्केलसारख्या सेवेची. तीही आतून वायरगार्डच वापरते. तिचा समन्वय सर्व्हर यंत्रांच्या सार्वजनिक की एकमेकांना कळवतो आणि दोन्ही बाजूंच्या नॅटमधून थेट जोडणी जुळवण्याचा प्रयत्न होतो. ती जुळली नाही तर वाहतूक त्यांच्या रिले सर्व्हरमार्गे जाते, परंतु एन्क्रिप्ट झालेल्या रूपातच, कारण खाजगी की तुमच्या यंत्रांवरच असतात. मात्र कोणते यंत्र तुमच्या जाळ्यात आहे हे ती सेवा ठरवते आणि तिथला प्रवेश तुमच्या एखाद्या ऑनलाइन खात्यावर अवलंबून असतो. त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी नसेल तर बाकीची सर्व काळजी वाया जाते. समन्वय सर्व्हरही स्वतःच्या ताब्यात हवा असेल त्यांच्यासाठी हेडस्केल हा मुक्त स्रोत पर्याय आहे, पण त्याला पुन्हा सार्वजनिक पत्त्याचे यंत्र लागतेच.

तुमच्या परिस्थितीत मी दुसऱ्या रीतीने सुरुवात करीन. कोणतेही पोर्ट न उघडता ती चालते, आणि घरातील इतरांच्या फोनवर ती बसवून देणे सोपे आहे.

प्रतिसाद : सर्वांना व्हीपीएन जमत नाही

मी थोडे वेगळे मत मांडतो. ज्यांना वर्षातून दोनदा एखादे छायाचित्र हवे असते, त्यांना व्हीपीएन चालू करा मग फाईल उघडा असे सांगणे व्यवहार्य नसते. त्यांना ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकता यावा. सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड (ब्राउझरमधून फाईली दाखवणारा प्रोग्रॅम) बसवून क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या टनेल सेवेतून ते बाहेर उपलब्ध करता येते. त्यातही जोडणी घरातूनच सुरू होत असल्याने कॅरिअर ग्रेड नॅटचा अडथळा येत नाही. फक्त स्वतःचे एक डोमेन असावे लागते.

प्रतिसाद : त्या मार्गाची किंमत

अडचण खरी आहे, हे मान्य. तरी हा मार्ग निवडणाऱ्याला पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात. त्या टनेलमध्ये एचटीटीपीएसचे एन्क्रिप्शन मध्यस्थ कंपनीच्या सर्व्हरवर उलगडले जाते, त्यामुळे तुमच्या फाईली त्या ठिकाणी तत्त्वतः वाचता येण्याजोग्या असतात. मोफत योजनेत एका विनंतीत १०० मेगाबाइटपेक्षा मोठी फाईल वर चढवता येत नाही. तुकडे करून पाठवणारे ॲप असेल तर चालते, साधे वेबपान असेल तर मोठा व्हिडिओ अडतो.

आणि लॉगिनचे पान सर्व जगाला दिसू लागते. नाव कोणाला सांगितले नाही म्हणून ते गुप्त राहील, असे समजू नये. त्या नावासाठी घेतलेल्या प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक पारदर्शकता सूचींमध्ये होते आणि नवी नावे शोधणारे प्रोग्रॅम त्या सूची सतत वाचत असतात. म्हणून नेक्स्टक्लाउड जगापुढे ठेवायचेच असेल, तर त्याला वेगळ्या कंटेनरमध्ये (बाकी सर्व्हरपासून अलग कप्प्यात) ठेवावे, संपूर्ण साठ्याऐवजी वाटण्याचे एकच फोल्डर आणि तेही केवळ वाचण्यापुरते द्यावे, प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी असावी आणि अद्ययावतीकरण लांबणीवर टाकू नये. कामाच्या फाईली आणि ओळखपत्रांचे स्कॅन या वाटेवर ठेवू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रतिसाद : वेगाविषयी आधीच कल्पना असावी

घरी झरझर उघडणारे फोल्डर बाहेरून रखडले की लोक टनेलला दोष देतात. प्रत्यक्षात बाहेरून फाईल उतरवताना तुमच्या घराचा अपलोडचा वेग हीच कमाल मर्यादा असते. तो सेकंदाला २० मेगाबिट असेल तर सेकंदाला २.५ मेगाबाइट मिळतात आणि १ गिगाबाइटच्या फाईलला सुमारे ७ मिनिटे लागतात.

दुसरा मुद्दा फेऱ्यांचा. एसएमबी प्रत्येक फाईलसाठी सर्व्हरशी अनेकदा बोलतो. समजा एका फाईलला ५ फेऱ्या लागल्या आणि एका फेरीला ६० मिलिसेकंद, तर १,००० लहान फाईलींना ५ मिनिटे केवळ बोलण्यात जातात. वायफायवर हीच फेरी दोन-चार मिलिसेकंदांची असल्याने ते जाणवत नाही. म्हणून बाहेरून काम करताना नेटवर्क ड्राइव्ह जोडून त्यातच फाईली संपादित करण्यापेक्षा हवी ती फाईल एसएफटीपीने उतरवून घ्यावी. रोज लागणारे फोल्डर तर सिंकथिंग या दोन यंत्रांवरील फाईली जुळत्या ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने लॅपटॉपवरच ठेवावे. मग नेट नसले तरी काम अडत नाही.

प्रतिसाद : मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

मूळ प्रश्नात दोन डिस्क मिरर असल्याचा उल्लेख आहे, म्हणून लिहितो. एक डिस्क बिघडली तर मिरर वाचवतो. फाईल चुकून पुसली गेली किंवा एखाद्या खंडणीखोर प्रोग्रॅमने ती कुलूपबंद केली, तर तो बदल दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी होतो. बाहेरून प्रवेश सुरू केल्यावर ही जोखीम वाढते, कारण हरवलेला किंवा बाधित लॅपटॉपही आता घरच्या साठ्यापर्यंत पोहोचू शकतो. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाईल प्रणालींवर ठरावीक वेळाने स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्या, ते पुसण्याचा अधिकार सांबाच्या वापरकर्त्याला देऊ नका, आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. ती प्रत उघडून एखादी फाईल परत मिळवता येते का, हेही पाहिले पाहिजे.

धागाकर्ता

सर्व चर्चा वाचून पुढीलप्रमाणे मांडणी केली आहे. सर्व्हर, माझा लॅपटॉप आणि घरातील फोन यांवर टेलस्केल बसवले आहे आणि त्याच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली आहे. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ४४५ आणि एसएसएचचे (दुरून सर्व्हर चालवण्याच्या सोयीचे) २२ ही पोर्ट घरचे जाळे आणि टनेल एवढ्यांपुरतीच खुली आहेत. एसएसएचमध्ये पासवर्डने होणारा प्रवेश बंद करून केवळ कीने प्रवेश ठेवला आहे. छायाचित्रे ब्राउझरमधून दाखवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला. मोबाइल डेटावरून फाईली व्यवस्थित उघडतात. एकच शंका आहे: वीज जाऊन आली की सर्व्हर बंदच राहतो आणि मी बाहेर असेन तर तो सुरू कसा करावा?

प्रतिसाद : वीज परत आल्यावर

संगणकाच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) वीज परत आल्यावर काय करावे, याची एक निवड असते. ती 'चालू व्हावे' अशी ठेवा. सोबत एक लहान यूपीएस जोडा आणि यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या नट या प्रोग्रॅमला त्याच्याशी बोलू द्या, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर रीतसर बंद होईल आणि डिस्कवरचे लेखन अर्धवट राहणार नाही. राउटरही त्याच यूपीएसवर असू द्या. डेस्कटॉप आपोआप झोपी जाण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा.

प्रवासाला निघण्यापूर्वी फोनचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून एकदा सर्व्हरचा वीजपुरवठा खंडित करून पुन्हा जोडल्यानंतरची चाचणी घ्या. टेलस्केलमध्ये यंत्रांच्या कीची मुदत डीफॉल्टने संपत असते आणि मग त्या यंत्रावर पुन्हा लॉगिन करावे लागते. सर्व्हरपुरती ती मुदत नियंत्रण पानावरून बंद करून ठेवा, फोन आणि लॅपटॉप यांची मात्र तशीच राहू द्या.

धागाकर्ता

बायोसमधील निवड बदलली, कीची मुदत सर्व्हरपुरती बंद केली आणि आपण सांगितल्याप्रमाणे चाचणीही घेतली. वीज जोडल्यावर सर्व्हर स्वतःहून सुरू झाला आणि मोबाइल डेटावरून पुन्हा दिसू लागला. घराबाहेर ठेवण्याच्या प्रतीसाठी कोणते साधन घ्यावे, याबद्दल स्वतंत्र धागा काढतो.